बातमीतले ‘इतर’

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावी टेनिस चेंडूच्या क्रिकेट सामन्यांची स्पर्धा झाली. गहू निघून गेलेल्या रानात रोलर फिरवून खेळपट्टी केली होती. अंतिम सामना आमच्या गावाने जिंकला आणि त्यात मी पाच गडी बाद केले. तिसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तालुक्याच्या पानावर बातमी आली. कर्णधाराचे नाव, उपकर्णधाराचे नाव, ज्यांनी चषक दिला त्यांचे नाव, ज्यांच्या हस्ते दिला त्यांचे नाव, असे सगळे त्यात होते. शेवटी लिहिले होते, “व इतर खेळाडूंनी परिश्रम घेतले.”

माझ्या आईला वाचता येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. तिने तो कागद हातात घेतला आणि विचारले, “तुझं नाव कुठंय रं?” मी ‘इतर’ या शब्दावर बोट ठेवले. तिला तेवढ्याने बरे वाटले. मला मात्र वाटले नाही.

असे का झाले, ते पुढे आठवडाभराने कळले. सामना जिंकल्याच्या रात्री एका मळ्यात जेवण होते. वार्ताहर तिथे आले होते आणि नावे त्यांनी तिथेच लिहून घेतली. आमच्या वस्तीतल्या आम्हा दोघांना जेवणाचा निरोप आला नव्हता. “गडबडीत राहून गेलं,” असे नंतर सांगण्यात आले. राहूनही गेले असेल. पण गडबडीत राहून जाणारे नेहमी आम्हीच का असतो, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. त्या प्रश्नाला जे थोडेफार उत्तर मला सापडले, ते या लेखात मांडावे असे वाटते.

आमच्या सरांना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी ग्रंथालयातून एक जाड इंग्रजी पुस्तक काढून दिले. रामचंद्र गुहा यांनी भारतीय क्रिकेटचा लिहिलेला तो सामाजिक इतिहास २००२ साली प्रसिद्ध झाला. दिवाळीच्या सुट्टीत शब्दकोश जवळ घेऊन मी तो वाचला आणि त्यात मला पालवणकर बाळू भेटले. मी लहानपणापासून क्रिकेट खेळतो, क्रिकेटवरचे मिळेल ते वाचतो. पण हे नाव मी एकोणिसाव्या वर्षी प्रथमच ऐकले. आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे, ते प्रत्येकाने आपल्याशीच तपासून पाहावे.

बाळू पालवणकर मूळचे कोकणातल्या पालवण गावच्या चांभार कुटुंबातले. जन्म धारवाडचा. वडील लष्कराच्या चाकरीत असल्यामुळे हे कुटुंब पुण्याला आले. तिथे पारशांच्या एका क्लबात मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रोळ फिरवण्याचे काम बाळूंना मिळाले. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले, तिथे ४ रुपये मिळू लागले. साहेबांच्या सरावासाठी ते जाळ्यात तासन्‌तास डावखुरी फिरकी टाकत. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला इंग्रज फलंदाज त्यांच्याच चेंडूंवर सराव करून तयार झाला. बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली, पण त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची आणि चेंडू नोकराने टाकायचा, असा तो हिशेब होता.

पुढे पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी बाळू हवे होते. त्यांना घ्यावे की नाही यावर तिथे वाद झाला, आणि शेवटी घेतले. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत. उच्चवर्णीय खेळाडू ज्या चेंडूला थुंकी लावत तोच चेंडू बाळूंच्या हातात येई आणि त्यांच्या हातून पुन्हा इतरांच्या हातात जाई. तेव्हा विटाळ होत नसे. पण चहाची सुट्टी झाली की संघ तंबूत जाई, कपबशीतून चहा घेई आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवायची थाळीही वेगळी आणि जागाही वेगळी. चेंडूने न बाटणारी माणसे कपाने कशी बाटत असतील, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

मात्र यात मला अपमानापेक्षाही वेगळी एक गोष्ट दिसते. माझ्या मते सामन्याची हकीकत मैदानावर तयार होत नाही, ती चहाच्या वेळी तयार होते. कोण चांगले खेळले, कोणामुळे जिंकलो, पुढचा कर्णधार कोण, वार्ताहराला काय सांगायचे, हे सगळे तंबूत बसून ठरते. जो बाहेर मातीच्या भांड्यातून चहा पितो त्याने सात गडी बाद केले तरी त्या बोलण्यात तो नसतो. धावफलकावर त्याचे नाव येते, कारण आकड्यांना खोटे बोलता येत नाही. पण आकड्यांच्या भोवती जी गोष्ट रचली जाते, ती आत बसलेल्यांची असते. आमच्या गावच्या त्या मळ्यातल्या जेवणाचा अर्थ मला इथे कळला.

पुण्याहून बाळू मुंबईला गेले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या, युरोपियनांनी १९१ आणि १०२. राज्यकर्त्यांचा १०९ धावांनी पराभव झाला. त्या संघात बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम असे दोघे पालवणकर होते. या विजयानंतर ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी पत्राने लेख लिहिला. चांभार बंधूंना जिमखान्यात घेतल्याने तरुण हिंदूंची मने जितकी उदार झाली तितकी दुसऱ्या कोणत्याही प्रयत्नाने झाली नाहीत, आणि मैदानावरचा हा धडा राजकीय, सामाजिक व शैक्षणिक जीवनातही गिरवावा, असा त्याचा आशय होता.

१९०६ साली हे छापणे सोपे नव्हते, म्हणून त्या पत्राला मी मनापासून मान देतो. तरीही एक गोष्ट खटकते. या लेखात श्रेय कोणाला मिळाले? दार उघडणाऱ्यांना. जो चौदा वर्षे दाराबाहेर गोलंदाजी करत उभा होता, त्याच्या चिकाटीचे कौतुक कमी आणि ज्यांनी त्याला आत घेतले त्यांच्या मनाच्या मोठेपणाचे जास्त. २००१ च्या ‘लगान’ चित्रपटात कचरा नावाचा फिरकी गोलंदाज आहे. तो संघात येतो तो नायकाच्या उदारपणामुळे, आणि टाळ्या पडतात त्या नायकाच्या भाषणाला. शंभर वर्षांत मांडणी फारशी बदललेली नाही. बाळूंना कोणी उपकार म्हणून घेतले नव्हते. त्यांच्यावाचून सामना जिंकता येत नव्हता म्हणून घेतले होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ इंग्लंडला गेला, त्याच्या दौऱ्यात बाळूंनी ११४ गडी बाद केले. असा खेळाडू संघात घेण्यात उपकार कसला?

हा प्रकार फक्त आपल्याकडेच आहे असे मात्र नाही. त्याच काळात अमेरिकेत कातडीचा रंग हीच जात होती. १९०८ च्या डिसेंबरात जॅक जॉन्सन हा काळा मुष्टियोद्धा सिडनीत जगज्जेता झाला. तिथे हजर असलेला प्रसिद्ध कादंबरीकार जॅक लंडन याने वर्तमानपत्रात लिहिले, की निवृत्त झालेल्या गोऱ्या जेफ्रीजने परत यावे आणि या काळ्याला धडा शिकवावा. वर्तमानपत्रांनी ते इतके लावून धरले की जेफ्रीज खरोखर परत आला. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत लोळवले. त्यानंतर अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या आणि काळ्या माणसांचे जीव गेले. ठोसे फक्त दोघांनी मारले होते; आग मात्र छापखान्यातून लागली होती.

पण तिथलाच एक दुसरा माणूस मला जास्त जवळचा वाटतो. वेंडेल स्मिथ त्याचे नाव. डेट्रॉइटला तो बेसबॉल खेळत असे, चेंडू टाकत असे, म्हणजे माझ्यासारखा गोलंदाजच म्हणा. १९३३ साली एका सामन्यानंतर मोठ्या संघासाठी खेळाडू निवडणाऱ्या गृहस्थाने त्याला सांगितले, की तुला घ्यायला मला आवडले असते, पण तू काळा आहेस. तेव्हा तो साधारण माझ्याच वयाचा होता. त्याने ठरवले, की आता आपण लिहायचे. ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या काळ्यांच्या वर्तमानपत्रात तो वर्षानुवर्षे हा एकच प्रश्न लढवत राहिला. जॅकी रॉबिन्सन हे नाव ब्रुकलिन डॉजर्सच्या चालकांपुढे ठेवणाऱ्यांत तो होता, आणि १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन त्या संघाकडून मैदानात उतरला. रॉबिन्सनला आज सारे जग ओळखते. पण त्याची बातमी लिहिणाऱ्या स्मिथला अनेक मैदानांवर पत्रकारांच्या कक्षात बसू देत नसत. तो प्रेक्षकांत बसून टंकयंत्र चालवी. खेळाडू आत गेला, तरी लिहिणारा बाहेरच होता. बाळूंचे मातीचे भांडे आणि स्मिथची प्रेक्षकांतली जागा, या दोन गोष्टी मला एकाच घरातल्या वाटतात.

आपल्याकडे हे ओळखणारे नव्हते असे नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही, हे प्रसिद्धच आहे. म्हणजे ज्यांना वाचा नाही त्यांनी वाचा मिळवल्याची बातमीसुद्धा छापून येत नव्हती! आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत चौरंगी सामन्यांच्या वेळी पालवणकर बंधूंनी जे केले, ते मला त्यांच्या कोणत्याही बळींपेक्षा मोठे वाटते.

इतकी वर्षे खेळूनही बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधी मिळाले नाही. त्यांच्यानंतर आलेले कर्णधार झाले, हे मागेच राहिले. त्या वर्षी बाळूंना संघातून वगळले. नेहमीचे कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा ज्येष्ठ असलेल्या विठ्ठल पालवणकरांना डावलून कर्णधारपद देवधरांना देण्यात आले. देवधर थोर फलंदाज होते, त्यांच्याबद्दल वाईट बोलायचे नाही. प्रश्न निवडणाऱ्यांचा होता. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि ‘बॉम्बे क्रॉनिकल’ या वर्तमानपत्रात निवेदन प्रसिद्ध केले. खेळातल्या योग्यतेवर दुसरा कोणी कर्णधार झाला तर आमची तक्रार नाही, पण जातीवरून आम्हाला खाली बसवणे आम्ही सहन करणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. त्याचा परिणाम झाला. पुढच्या सामन्याला बाळूंना उपकर्णधार म्हणून परत बोलावले. आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, हिंदू संघाने युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर घेऊन मिरवले.

वीस वर्षे चेंडूने जे साधले नाही ते एका निवेदनाने साधायला सुरुवात झाली, असे मी म्हणतो. काही मित्र यावर म्हणतील, की चेंडूच्या जोरावरच निवेदनाला वजन आले. ते खरेच आहे. पण नुसता चेंडू पुरला नाही, हेही तितकेच खरे आहे.

आणि ज्यांना वाटते की एकदा खांद्यावर घेतले म्हणजे झाले, त्यांनी आपल्या नाशिककडे पाहावे. विठ्ठलना खांद्यावर घेतले त्याला सात वर्षेही झाली नव्हती, तेव्हा २ मार्च १९३० रोजी इथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पंचवटीत हजारो माणसे दारापुढे उभी राहिली. दादासाहेब गायकवाडांसारखे आपल्या जिल्ह्याचे कार्यकर्ते त्यात पुढे होते. पाच वर्षे तो लढा चालला, तरी दार उघडले नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. मैदानाने खांद्यावर घेतले आणि मंदिराने दाराबाहेर ठेवले. जिंकून देणाऱ्याला तेवढ्यापुरते उचलायचे आणि बाकीच्यांना होते तिथेच ठेवायचे, ही समाजाची जुनी खोड आहे.

इथे एक अवघड गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. आमच्या वस्तीत घराघरात बाबासाहेबांचे छायाचित्र आहे, पण बाळूंचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्याचे कारण वर्तमानपत्रे एवढेच नसावे. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू गांधीजींच्या बाजूने उभे होते. करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत खुद्द बाबासाहेबांच्या विरुद्ध उभे केले. बाबासाहेब जिंकले, बाळू हरले. तो निकाल योग्य झाला असेच मी म्हणेन. पण म्हणून आपणही त्यांना ‘इतर’ करून टाकावे काय? एका बाजूने जातीमुळे विसरायचे आणि दुसऱ्या बाजूने मतभेदामुळे विसरायचे, मग तो माणूस राहणार कुठे? ४ जुलै १९५५ रोजी ते वारले. विठ्ठल यांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले, हे आपले भाग्य. स्वतः लिहिले नसते तर आज किती कळले असते?

माझ्या मित्रांपैकी काहींचे म्हणणे असे, की खेळात जात आणू नका, मैदान जात मानत नाही. हे वाक्य ऐकायला फार गोड आहे. माझे उत्तर एवढेच, की जात आम्ही मैदानात आणली नाही. ती चहाच्या वेळी आली, कर्णधार निवडताना आली आणि बातमी लिहिताना आली. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात आपल्या मुली हॉकीत हरल्या, तेव्हा हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरापुढे फटाके फोडून जातिवाचक शिव्या देण्यात आल्या. त्याच स्पर्धेत काही दिवसांपूर्वी तिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये असे करणारी ती पहिली भारतीय महिला. जिंकताना ती भारताची होती आणि हरताना ती तिच्या जातीची झाली. या वेळी वर्तमानपत्रांनी ती बातमी झाकली नाही, ठळक छापली. म्हणून निषेध झाला आणि पोलिसांत तक्रार नोंदली गेली. लिहिण्याने काय होते, याचा हा ताजा दाखला आहे.

आपल्या जिल्ह्याचेच पाहा. त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ भागातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक. वर्तमानपत्रांनी तिला ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव दिले. पाड्याचे नाव देशभर झाले, याचा मला अभिमान आहे. पण बातम्या काढून वाचा. अनवाणी पाय, डोक्यावर हंडा, चंद्रमौळी घर, यांवर ओळीच्या ओळी असतात. ती रोज किती धावते, वेग कसा राखते, प्रशिक्षकांनी काय बदल करून घेतले, शेवटच्या फेरीत तिने काय ठरवले, हे शोधावे लागते. शहरातल्या खेळाडूचे तंत्र लिहायचे आणि पाड्यावरच्या खेळाडूची गरिबी लिहायची, असा हा नेम आहे. गरिबी खरी आहे, नाकारत नाही. पण पदक गरिबीने मिळत नाही. ते मिळते डोक्याने, सरावाने आणि शिस्तीने. कौतुकातसुद्धा माणसाला ‘इतर’ करता येते, ते असे.

मग करायचे काय? सरकारने हे करावे, वर्तमानपत्रांनी ते करावे, असे लिहून लेख संपवणे सोपे आहे. मी आपल्याच अंगणातल्या तीन गोष्टी सुचवतो. पहिली अशी, की आपल्या याच वार्षिक अंकात जिमखान्याचा अहवाल येतो. त्यात कर्णधार आणि जिंकलेले चषक असतात. यापुढे त्यात अकराच्या अकरा नावे यावीत, बाराव्याचे यावे, धावसंख्या लिहिणाऱ्याचे यावे आणि सकाळी सहा वाजता येऊन मैदानावर पाणी मारणाऱ्या, चुन्याने रेघा आखणाऱ्या मामांचेही यावे. बाळू पालवणकरांची सुरुवात त्याच कामापासून झाली होती, हे विसरू नये. दुसरी गोष्ट, आपल्यातल्या ज्यांना लिहिता येते त्यांनी आपल्या गावच्या सामन्यांच्या बातम्या स्वतः लिहून वर्तमानपत्रांकडे पाठवाव्यात. वार्ताहर मळ्यातल्या जेवणाला जातो, आपण मैदानावर थांबावे. तिसरी गोष्ट प्राध्यापकांसाठी, विनंती म्हणून. मराठी आणि इतिहासाच्या वर्गात कधीतरी खेळाचा इतिहासही शिकवावा. आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या मुलांना राजांच्या सनावळ्या परक्या वाटतात. महिना ३ रुपयांवर रोळ फिरवणारा माणूस परका वाटत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात गावी पुन्हा सामने आहेत. मी खेळणार आहे. आणि सामना संपला की खळ्यावर बसून त्याची बातमीही लिहिणार आहे, आमची आणि हरलेल्या संघाचीही, सगळ्या बावीस नावांसकट. छापून येईल की नाही ते सांगता येत नाही. पण त्या कागदात ‘इतर’ हा शब्द नसेल, एवढे नक्की.

(द्वितीय वर्ष, कला शाखा)